कुणीही बोलायचं नाही

सदतिसाव्या वर्षी माणसानं काय शिकावं याचा काही कायदा नाही, पण सदतिसाव्या वर्षी माणूस दमलेला असतो एवढं मी खात्रीनं सांगते. मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. आलेल्या आणि गेलेल्या मालाची नोंद कॉम्प्युटरमध्ये टाकायची, हे काम बारा वर्षं केलं. या वर्षी मॅनेजरनं बोलावून सांगितलं, की दिवाळीनंतर खोक्यावर नुसतं यंत्र धरलं की नोंद आपोआप होणार. म्हणजे मी घरी.

माणूस वाईट नाही तो. त्यानं दुसरी वाटही सांगितली. कंपनीची सगळी कामं आता क्लाउडवर चालली आहेत, ती सांभाळायला आयटी विभागात एक जागा निघाली आहे. "क्लाउडची पहिली परीक्षा पास व्हा, समीक्षाताई. वीस तारखेच्या आत सर्टिफिकेट दाखवा, जागा तुमची. नाहीतर मला बाहेरून माणूस घ्यावा लागेल."

क्लाउड म्हणजे ढग, एवढं मला तेव्हा माहीत होतं. ढगांची आम्हाला नवलाई नाही, मावळात चार महिने आम्ही त्यांच्यातच राहतो. पण हा ढग वेगळा निघाला. आयटीतल्या अनघानं जेवणाच्या सुट्टीत मला समजावलं, की ढग वगैरे काही नसतं, कुठंतरी लांब मोठ्या इमारतीत हजारो कॉम्प्युटर ठेवलेले असतात आणि आपण त्यातली जागा भाड्यानं घेतो. अनघा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, तळेगावातच सोसायटीत राहते, इंग्रजी शाळेत शिकलेली. पण शिकवताना तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. स्वतःचा डबा गार होऊ दिला आणि शिकवलं.

पाच महिने मी शिकत होते. पहाटे उठायचं, दोन डबे करायचे, सव्वासहाला फाट्यावर कंपनीची बस पकडायची, बसमध्ये कानात व्हिडिओ लावायचा, दिवसभर स्टोअर, परत येताना दुसरा व्हिडिओ, आणि घरी आल्यावर भाकरी. माझा नवरा अमृत लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतो, स्टेशनवरून तुंगार्लीच्या बंगल्यांवर माणसं सोडतो. शनिवार-रविवार तो घरात नसतो आणि बाकीचे पाच दिवस पाठ धरून झोपलेला असतो. त्याच्याकडून मदत एवढीच, की "कशाला जिवाला त्रास करून घेतीस" असं तो कधी म्हणाला नाही. तेवढीही पुष्कळ झाली.

विषय तसा अवघड नव्हता. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला नंबरांचा पत्ता असतो, तो कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून नाव दिलेलं असतं, आणि नावावरून पत्ता शोधून देणारी वेगळी यंत्रणा असते. हे मला एका दमात कळलं. आमच्या गावात तीन महिपती आहेत. गिरणीवाला कोणता, तलाठ्याकडं जाणारा कोणता आणि देणं-घेणं न करणारा कोणता, हे पोस्टमनला बरोबर कळतं. झालं, तेच ते.

अवघड होतं ते इंग्रजी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेची. इंग्रजी मला येतं, पण ते मी तोंडानं वाचते. नुसते डोळे फिरवले तर अक्षरं दिसतात आणि आत काही जात नाही. ओठावर घेतलं, पुटपुटलं, की मग अर्थ लागतो. पाढे पाठ करायची सवय असलेली आमची पिढी, आम्ही असंच शिकलो. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या काकांना वाटायचं मी नामस्मरण करते. एकदा त्यांनी आदरानं मला खिडकीची जागा दिली, मीही घेतली.

घरी माझं पुटपुटणं ऐकून ऐकून आत्यांनाही शब्द पाठ झाले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, नंदाबाई. मी पीठ मळताना "राउटर, गेटवे, फायरवॉल" म्हणायला लागले की त्या चुलीपाशी बसून विचारायच्या, "फायरवॉल मंजी काय गं?"

"बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून आडवी घातलेली भिंत."

"मंग गडाचा तट म्हन की! लोहगडाला हाय तसा."

त्या तिसरीपर्यंत शिकलेल्या. आमचं पहिल्यापासून फार गोडीगुलाबीचं होतं असं नाही. लग्नानंतरची चार वर्षं त्यांनी मला "जास्त बोलतीस" म्हणून सळो की पळो केलं होतं. पण या परीक्षेचं त्यांनी मनावर घेतलं. सुनेची नोकरी म्हणजे घराचा आधार, हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं असावं.

परीक्षा घरूनच द्यायची होती. बुधवारी, सतरा तारखेला, सकाळी अकरा ते साडेबारा. गुरुवारी सुट्टी असते, पण गुरुवारी लाइट जाते, म्हणून मी बुधवारी रजा टाकली. नियम अनघानं सांगितले. खोलीत एकटीनं बसायचं. दार बंद. टेबलावर लॅपटॉपशिवाय काही नको. समोर कॅमेरा चालू राहणार, माइक चालू राहणार आणि पलीकडं एक निरीक्षक पूर्ण वेळ बघत आणि ऐकत बसणार. कुणी आत आलं, कुणाचा आवाज आला, तर परीक्षा तिथंच बंद. "कुणीही बोलायचं नाही, समीक्षाताई. हे फार कडक असतं," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि मनात गावाची यादी करायला लागले.

कारण आमच्या आळीत दिवसा दार लावत नाहीत. दार लागलेलं दिसलं की लोक चौकशीला येतात. मागच्या वर्षी मला ताप होता म्हणून मी दुपारी कडी लावून पडले, तर शेजारच्या भागुबाईंनी हंबरडा फोडायची तयारी केली होती. शिवाय समोर महिपतींची गिरणी. शिवाय देवळातल्या कर्ण्यावर सकाळभर भजनं.

"त्ये मी बगते," आत्या म्हणाल्या. आणि त्यांनी खरंच बघितलं. आदल्या दिवशी काठी टेकत त्या घरोघर गेल्या. मी पाणी भरताना ऐकत होते.

"आमच्या समीक्षाची परिक्षा हाय उद्या. क्याम्पुटरमदनं सायेब ऐकत बसनार हाय. अकरापास्नं साडेबारापत्तुर आळीत कुनी तोंड उगडायचं न्हाई."

"आन् म्हस वरडली तर?" भागुबाईंनी विचारलं.

"म्हस घिऊन वड्याला जा."

महिपती म्हणाले, "बुधवारचं लय दळान आस्तं, मावशे."

"मंग बसूंद्या की मानसं. दीड तासानं कुनी उपाशी मरत न्हाई."

बुधवारी साडेदहाला मी बसले. फोनवरून खोलीच्या चारी बाजूंचे फोटो पाठवले. निरीक्षकानं भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, मग आरसा, मग लग्नाचा फोटो. ओळखपत्र दाखवलं. अमृत मागच्या पडवीत झोपला होता, बाहेर आत्यांनी दाराला पाठ लावून पायरीवर बैठक मारली. अकरा वाजले आणि पासष्टांतला पहिला प्रश्न आला.

तिसऱ्या प्रश्नाला पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडला. प्रश्न वाचताना ओठ हलवू नका, मोठ्यानं वाचू नका, ही पहिली सूचना. मी दचकले. मला वाटलं बाहेरून कुणी बोललं. बाहेर तर चिटपाखरूही बोलत नव्हतं. मग कळलं, हे मलाच.

मी ओठ मिटले. आणि माझं इंग्रजी गेलं. मी थट्टा करत नाही. समोर चार ओळींचा प्रश्न होता, एक कंपनी आहे, तिची तीन शहरांत ऑफिसं आहेत, तिला अमुक हवं आहे. मी डोळे फिरवले, परत फिरवले, अक्षरं जागच्या जागी आणि डोक्यात काहीच नाही. पाच महिने जे घोटून घोटून पाठ केलं होतं ते सगळं तोंडात होतं, आणि तोंडाला कुलूप. दातांत खालचा ओठ धरून मी एकेक शब्द आतल्या आत म्हणायला लागले. एका प्रश्नाला चार चार मिनिटं जायला लागली. नकळत तोंडावर हात गेला. लगेच दुसरी सूचना आली, हात चेहऱ्यावरून काढा, यापुढं सूचना मिळणार नाही.

 मी हात मांडीखाली दाबून बसले.

नववा प्रश्न आला तो नावावरून पत्ता शोधण्याचा. आमच्या तीन महिपतींचा. तो वाचावाही लागला नाही, पहिल्या चार शब्दांतच कळला. आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडलं. हळूच, पण पडलं. येत होतं म्हणूनच पडलं.

पडदा पांढरा झाला. नियमभंगामुळे तुमची परीक्षा थांबवण्यात आली आहे. पुन्हा बसायचं असेल तर चौदा दिवसांनी.

आज सतरा. म्हणजे जागा गेली, आणि दिवाळीनंतर स्टोअरही गेलं. हिशेब सोपा होता, तो मला ओठ न हलवता करता आला.

अकरा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. मी उठले, कडीला हात घातला आणि खिडकीच्या फटीतून बाहेर बघितलं. आत्या पायरीवर काठी आडवी धरून बसल्या होत्या. गिरणीच्या ओट्यावर पाच-सहा बायका पिठाचे डबे घेऊन ओळीनं बसल्या होत्या, आणि एकमेकींशी हातवारे करून बोलत होत्या. महिपती पट्ट्याजवळ उभे, गिरणी बंद. देवळातला कर्णा गप्प. भागुबाई म्हशीला ओढ्यावर सोडून परत आल्या होत्या आणि चपला हातात घेऊन अनवाणी चालत होत्या. एक लहान पोर रडायला लागलं तर चार जणी त्याच्यावर धावल्या.

बारा वर्षांत मी ही आळी अशी पाहिली नव्हती. मी कडीवरचा हात काढला.

मग काय करायचं? अख्ख्या दिवसात मला काही करायचं नाही अशी वेळ कधी आली होती, आठवेना. मी खाटेवर टेकले, मग आडवी झाले. रडेन असं वाटलं होतं. रडायलाही अंगात काही असावं लागतं. खरं सांगते, मला झोप लागली. इतक्या शांततेत मी त्या घरात कधी झोपले नव्हते.

जाग आली तेव्हा बारा चाळीस झाले होते आणि बाहेर अजूनही आवाज नव्हता. साडेबारा म्हणजे नक्की कधी, हे विचारायला कुणी तोंड उघडेना. मी चेहऱ्यावर पाणी मारलं आणि दार उघडलं.

आत्यांनी वळून बघितलं. बोट ओठांवरच होतं. "झालं?" त्यांनी नुसत्या श्वासानं विचारलं. "बोलू का आता?"

"बोला."

त्यांनी काठी वर केली आणि आळी एकदम बोलायला लागली. महिपतींनी गिरणी चालू केली, बायका डबे घेऊन उठल्या, भागुबाई तिथूनच ओरडल्या, "पास झाली का गं?"

"न्हाई," मी आत्यांना म्हणाले. भागुबाईंना ऐकू गेलं नाही. "मला काढलं, आत्या. मी बोलले म्हणून."

"कुनाशी बोललीस? आत कोन व्हतं?"

"कुणीच न्हाई. उत्तर माझं मीच बोलले."

 आत्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्या हे सगळं पहिल्यापासून जुळवून बघतायत आणि ते जुळत नाहीये. "आन् नोकरी?"

"गेली."

गिरणीच्या आवाजात त्यांना पुढं सरकून बोलावं लागलं. "कवा काडलं तुला?"

"साडेअकराच्या आतच."

"अगं मंग!" त्यांचा आवाज चढला. "तवाच दार का न्हाई उगडलंस? तासाभराच्या वर झालं की! मी हितनं पान्याला सुदिक उठले न्हाई. आत काय करत बसलीस येवढा येळ?"

"झोपले," मी म्हणाले. मग मला राहवेना. "तुमी समदी गप बसला व्हता ना, आत्या. माझ्यासाठी. मला दार उगडवंना."