मोटारीचा रस्ता

एक येळ दगडाला पाझर फुटंल, पर आमच्या धोंडीबादादाचं म्हननं बदलायचं न्हाई. थोरला भाऊ हाय, बोलावं तरी काय त्येला!

आमची धाकटी बहीण केवळा. तिच्या पोरीचं, मनकर्णाचं, लगीन व्हतं. दिवस मावळायच्या वक्ताला अक्षता. नवरीला मांडवात आनायचं काम मामाचं, आन् मामा म्हनाया आमी दोघंच. त्यात मान थोरल्याचा. थोरला असताना म्या उमाजीनं नवरी आनली असती, तर सोयऱ्यांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं.

आमी मेंढरं घिऊन जिंतुराच्या वरल्या डोंगरात. मेंढरं बायकांवर सोडली आन् कोंबड्याच्या बांगंला निघालो. वालूर मागं टाकलं, दुपार कलताना सेलूत आलो. माझ्या पायतानाचा अंगठा तुटलेला, टाचंतून रगत यायलंय, खांद्यावर भाचीसाठी नवं घोंगडं. आन् समोर बघतो तर परभनीची मोटार उभी! केवळाच्या गावच्या येशीतच थांबती ती. मोटारीनं येतो म्हून तिला सांगावा बी धाडला व्हता.

"चल दादा, चढ!"

दादा जागचा हालंना. "म्या रेल्वेनं यीन. केवळाच्या गावाला टेसन बी हाय."

"आरं, का पर?"

"मागल्या बारीला मोटारीत एकानं माझ्याकडं बघून नाकाला धोतर लावलं. म्हनला, मेंढराचा वास येतो. रेल्वेचा डबा मोठा असतो, तितं कोन कुनाचा वास घेत न्हाई."

आता बोला! सारा जलम मेंढरामागं गेला, मग वास काय अत्तराचा येनार?

"घेऊ दे की वास! लगीन तर गाठू!" म्या त्येचा हात वढला.

त्येनं झटकला. "भाचीच्या लग्नाला मान खाली घालून न्हाई यायचा म्या."

तवर मोटार धुरळा उडवत गेली. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायचं म्हनत्यात, त्येच झालं. मला आसा राग आला की घोंगडं तितंच फेकून द्यावं.

टेसनावरचा बाबू म्हनला, "पाशिंजर उशिरा हाय. कवा यील सांगता येत न्हाई." बसलो मग. सावल्या लांब व्हायल्या. दादा तमाखू मळतोय, आन् मी दात खातोय. शेवटी येक गाडी आली.

बाबू वरडला, "आरं, ही मेल हाय! मदल्या टेसनाला थांबत न्हाई!"

दादा तवर डब्यात. "कशी थांबत न्हाई? रूळ त्येच, टेसन त्येच. पान्यापाशी आलं की मेंढरू बी आपसूक थांबतं." माझी बी अक्कल चरायला गेलती. त्येच्या मागं चढलो.

डब्यात कुनी नाक धरलं न्हाई. उलट येकानं सरकून जागा दिली. दादाची छाती फुगली. "बघ," म्हनला.

केवळाचं गाव आलं. दादा माझ्या खांद्यावरलं घोंगडं घिऊन दारात हुबा ऱ्हायला. गाडीनं शिटी मारली, पर चाल काय कमी केली न्हाई. रुळाच्या पल्याड मांडव दिसला. सारी मानसं उठून हुबी. हलगीवाला हलगी काखंत धरून गप. आन् येशीत केवळा, कपाळाला हात लावून मोटारीचा रस्ता बघायली. आमच्याकडं तिची पाठ.

"केवळे! ए केवळे!" दादा वरडला. पल्याडच्या डोंगरावरलं मेंढरू त्येच्या हाकंला माघारी यायचं. पर शिटी आन् चाकांच्या खडखडाटात त्येची हाक मलाच धड ऐकू आली न्हाई. केवळानं वळून बघितलं न्हाई.

दुपारधरनं त्येच्यावर दात खात व्हतो, पर आता त्येचा तोल जाऊ नये म्हून म्या मागनं त्येचा दंड धरला. दादानं घोंगडं छातीशी धरलं व्हतं.

जागा देनाऱ्यानं इचारलं, "पाव्हनं, कुटं उतरनार?"

दादा मागं ऱ्हायलेल्या मांडवाकडं बघत म्हनला, "हितंच."