दारातले मास्तर

समुपदेशन करणाऱ्या बाईंचा गुरुवारचा हिशेब साधा होता. तीनला ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर, चारला ग्रंथपाल. प्रत्येकाला पन्नास मिनिटं, आणि मधली दहा बाईंची, चहाला आणि टिपणांना. गेल्या चार गुरुवारांत तो चहा एकदाही गरम असताना पोटात गेला नव्हता.

कारण मास्तर. पहिली एकोणपन्नास मिनिटं ते शिकाऊ मंडळींची गाऱ्हाणी गात. कोण वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावतं, कोण क्लचवर पाय ठेवून विसरून जातं. बाईंनी घरचा विषय काढला, की घरी सगळं झकास. पन्नासावं मिनिट भरलं की मास्तर उठत, दाराची मूठ धरत आणि पाठमोरेच काहीतरी सांगत. पहिल्यांदा निघालं, की बायको तीन महिन्यांपासून तिच्या बहिणीकडे जाऊन राहिली आहे. मग काय, बसा परत. पुढच्या खेपेला दारातच भावाशी धरलेला अबोला निघाला, त्यापुढच्या खेपेला छातीतली धडधड. रडवेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं? बाई दर वेळी विरघळत आणि मग संध्याकाळभर स्वतःवर चरफडत.

बाहेर बाकावर ग्रंथपाल बसलेली असे. तिचं दुखणंच मुळी हे, की तिला कुणाला नाही म्हणता येत नाही. दिराने व्यायामाची सायकल तिच्या खोलीत आणून ठेवली होती आणि दोन वर्षं ती पलंगापर्यंत अंग चोरून जात होती. सव्वाचारला आत घ्या नाहीतर साडेचारला, तिचं आपलं एकच, असू दे, मला घाई नाही. म्हणजे बाई खोलीत जे शिकवत होत्या, ते बाहेरच्या बाकावर स्वतःच पुसून टाकत होत्या. हे ध्यानात येईपर्यंत बुधवारी तिचा निरोप आलाच. उद्या येऊन जाते, मग बंद करू या, मला आता बरंच बरं वाटतंय.

बरं वाटतंय म्हणे. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

गुरुवारी त्यांनी मास्तरांना बसतानाच बजावलं, की आज तीन पन्नासला म्हणजे तीन पन्नासला उठायचं, दारातलं काही असेल तर आत्ताच काढा. मास्तरांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि एका शिकाऊ आजोबांनी गाडी मागे कशी घेतली, हे सांगायला चाळीस मिनिटं लावली.

तीन पन्नासला उठले. मूठ धरली.

"ताई, मुलीचा फोन आला होता. दोन वर्षांनी."

बाई उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "काही संकट आहे का तिच्यावर? की तुम्हालाच आज एकटं राहायची भीती वाटतेय?"

"संकट कसलं. लग्न करतेय म्हणाली."

"मग पुढच्या गुरुवारी बसल्या बसल्या यावरच बोलू. आजची वेळ संपली."

"मी तुम्हाला बहीण मानलं, आणि तुम्ही मला घड्याळ दाखवता?"

"मी तुमची बहीण नाही, मास्तर. म्हणून तर हे मला सांगावंसं वाटतं तुम्हाला."

मास्तर तणतणत गेले. जिन्यात चार लोकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, की हल्ली माणुसकी उरली नाही.

चारच्या ठोक्याला ग्रंथपाल आत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, की बिचाऱ्यांना असं घालवायला नको होतं, तिला चाललं असतं. आता मात्र आपणच किंचाळावं असं बाईंना वाटलं.

"खरंच चाललं असतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

ग्रंथपाल पर्सचा पट्टा पिळत राहिली.

"नसतं," ती म्हणाली. "चार गुरुवार तुमच्यावर जळफळत घरी गेलेय मी. पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी आम्ही लोकांना फोन करतो, आणि इथे माझी वेळ कुणीही उचलून नेतं. दीर माझ्या खोलीत सायकल ठेवतो, तुम्ही माझ्या वेळेत मास्तर ठेवता."

बाईंनी माफी मागितली, एकाच वाक्यात, आणि सारवासारव केली नाही. मग दीर, सासू, वाचनालयातले साहेब, सगळ्यांची पाळी आली. चार पन्नास झाले तेव्हा ती कुठे निम्म्यावर आली होती. बाईंना तिलाही थांबवावं लागलं.

ती फणकाऱ्यानेच उठली. बंद करण्याचा विषय तिने काढला नाही, बाईंनीही नाही. दारात न थबकता जाता जाता म्हणाली, "पुढच्या गुरुवारी चार म्हणजे चार. मी बाकावर बसणार नाही, सरळ दार वाजवणार."