हलवून न पाहिलेली कुपी

मंगळवार, सकाळचे सव्वादहा. प्रयोगशाळेची दुसरी खोली. टेबलावर टाकाऊ कुप्यांचा ट्रे. अकरा वाजता तो जाळायला जाणार होता. त्यातल्या एका कुपीत मी होतो, चारशे सतरा क्रमांकाचा रेणू. माझी बाजू कोणी विचारली नाही, म्हणून मीच सांगतो.

एका रसायनतज्ज्ञानं अकरा आठवडे खपून मला घडवलं. त्याच्या थोरल्या बहिणीच्या बोटांचे सांधे सुजतात. बटणं लावायलाही तिला कोणीतरी लागतं. सांध्यातल्या पेशींवर रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा, असतात. दाहाचा निरोप त्यांच्यापाशी पोचला की सूज चढते. मी आधीच तिथे जाऊन ठाण मांडायचं, निरोपाला जागाच ठेवायची नाही, एवढं माझं काम.

चाचणीत मी नापास झालो. का? मला थंड कपाटात गोठवलं होतं. त्या गारठ्यात मी साका होऊन तळाशी बसलो. यंत्रानं वरचा नितळ द्राव उचलला, पेशींवर टाकला आणि शेरा मारला: निरुपयोगी. ज्याची परीक्षा, तो परीक्षेला हजरच नव्हता!

रसायनतज्ज्ञ पडेल चेहऱ्यानं ट्रे उचलायला आला. चाचणी विभागातल्या ताईंनी माझी कुपी काढून उजेडात धरली.

"अरे, तळाला हे काय चिकटलंय?"

"माझं नशीब. द्या इकडे, गाडी येईल."

"नशीब नंतर कुरवाळ. आधी कुपी कोमट कर आणि नीट हलव."

"साहेब ओरडतील, ताई."

"त्यांना ओरडायला कारण लागतं होय?"

मी विरघळलो. ताईंनी मला ताज्या पेशींवर सोडलं. गुरुवारी दुपारी आकडे आले: दाहाचा इशारा पाव हिश्श्यावर उतरला होता. रसायनतज्ज्ञानं ते तीनदा वाचले आणि बहिणीला फोन लावला.

"नाही गं, गोळी नाही मिळाली. अजून बरीच वर्षं लागतील. पण एक जण जागेवर जाऊन बसलाय."

मला इतक्यात औषध म्हणू नका. पुढच्या चाचण्यांत मी पडूही शकतो. पडलो तर तक्रार नाही. पण पाडण्याआधी नीट हलवून तरी बघा.

पहिल्या चाचणीच्या कागदावर 'कुपी कोमट करून हलवली' या ओळीपुढे बरोबरची खूण आहे. त्याच दिवशी नापास ठरलेल्या आणखी एकाहत्तर कुप्यांपुढेही आहे. त्या आदल्याच आठवड्याच्या ट्रेमधून जाळल्या गेल्या; माझी तेवढी मागे राहिली होती. खूण कोणी केली, ते कागदावर नाही. सहीची जागा कोरी आहे.