गिटारचा घोडा

बापूसोंची गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवायची. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवली की सूर लांबत जायचा. तरुणपणी ऑर्केस्ट्रात त्यांनी ती गावोगाव वाजवली होती. मग खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन गोष्टींना बंदी केली: खाली वाकायचं नाही आणि मांडीवर वजन घ्यायचं नाही. आता गिटारला दुसरी मांडी कुठून आणायची?

शाहूपुरीतल्या दुकानातून कीबोर्डचा स्टँड आणला, तर गिटार त्याच्यावरून घसरायची. शिलाई मशीनचं टेबल झालं, इस्त्रीचं झालं. गिटार कशीबशी राहायचीही, पण घरात दर्शू होती. नात प्रियदर्शनी नुकती धरून उभी राहायला शिकली होती आणि दिसेल त्याला लोंबकळत होती. सून रूपालीनं सासऱ्यांना तोंडावर सांगून टाकलं.

"अण्णा, पोरीच्या अंगावर पडंल असलं कायबी घरात नको. मी दिवसभर कामावर असतो, माझा सगळा जीव हितं अडकतोय."

बापूसोंना ते पटलं. ते उद्यमनगरात बाळासो वेल्डरकडं जाऊन बसले आणि गिटार ठेवायला मनासारखा घोडा करून घेऊनच उठले. वर कडा उचललेली जाड लोखंडी चौकट, खाली कैचीसारखे एकमेकांत अडकलेले पाय, आणि ते पाय फाकू नयेत म्हणून तळाशी एक रुंद काळा पट्टा. घरी आणल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी रेटून दाखवला.

"सगळा भार त्या पट्ट्यावर हाय बघ. हत्ती बसू दे, हालायचा न्हाय."

रूपालीनंही रेटून बघितला आणि ती निर्धास्त झाली. त्या दिवसापासून दर्शूला घोड्यापाशी खेळू द्यायला लागले. पट्टा रेटून दाखवला तेव्हा पद्मावती, म्हणजे दर्शूची आजी, बस्तीत, जैन मंदिरात, पूजेला गेली होती. ती घरात असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण असं म्हणण्याला आता काय किंमत आहे?

दशलक्षण पर्व सुरू होतं. पद्मावतीनं दरवर्षीप्रमाणे नियम घेतला होता: सकाळी उठल्यापासून एकवेळचं जेवण होईपर्यंत मौन. दर्शूला बोलवायचं झालं तर ती टाळ्या वाजवायची, आणि टाळी ऐकली की पोर जिथं असेल तिथं गुडघे वाकवून नाचायची.

अशाच एका सकाळी केर काढताना पद्मावती घोड्याखाली वाकली आणि झाडू तिच्या हातातच राहिला. तो पट्टा तिनं ओळखला. पिठाच्या चक्कीचा होता. हातकणंगल्याला तिच्या लहानपणी गावच्या चक्कीला चामड्याचा पट्टा असायचा, म्हणून तिची आई त्या चक्कीचं पीठ घरात घेत नसे, जात्यावर दळत असे. आता तिथं भावाचीच चक्की होती. नवऱ्यानं तिथूनच आणला असणार!

चामडं! पर्वात, देवघराच्या भिंतीला लागून! आणि पर्वाच्या शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, हाच घोडा बस्तीत जायचा होता, बापूसो तिथं स्तोत्र वाजवणार होते. विचारावं तर मौन. दुपारी मौन सुटलं तेव्हा बापूसो तारा जुळवत बसले होते, ऑपरेशननंतर पहिल्यांदा स्वतःशी गुणगुणत. विचारलं की वाद होणार, घोडा बाहेर जाणार, गिटार पुन्हा कपाटावर चढणार. तिला त्यांची दया आली. झाकली मूठ म्हणून ती गप्प राहिली.

ते झोपल्यावर तिनं पट्टा सोडला, कागदात गुंडाळून गच्चीवरच्या टाकीमागं टाकला आणि त्याच्या जागी परकराची कोरी सुती नाडी दुहेरी करून बांधली. गाठीवर गाठ मारली. बापूसो वाकणार नव्हते, त्यांना कळायचं कारण नव्हतं. धर्मही राहिला आणि माणसाचं सुखही राहिलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाडी ताणून चौकट थोडी खाली आली होती. भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या कडेला ती बरोबर टेकलेली असायची. आता मध्ये बोट जाईल एवढी फट होती. पद्मावतीनं नाडी ओढून बांधली. सकाळी पुन्हा फट.

"आज मान लई वाकवाय लागलीया," बापूसो म्हणाले. "खुर्ची उंच झाली का काय?"

पद्मावतीनं मान हलवली. तिला भीती वाटत होती, चांगलीच. रात्री स्वयंपाकघरात भांडं वाजलं तरी ती दचकायची. दर्शू घोड्याकडं रांगायला लागली की तिला उचलून न्यायची. सांगून टाकावं असं ओठापर्यंत यायचं. पण आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं हेही सांगायला हवं होतं. एवढं पर्व सरू दे, मग पट्टा कॅनव्हासचा घालून घेऊ, असं तिनं स्वतःला समजावलं.

चतुर्दशी उजाडली. त्या दिवशी तिला निर्जळ उपवास होता आणि मौन दिवसभराचं. रूपाली आत डबा भरत होती. बापूसो डोळे मिटून स्तोत्र वाजवून बघत होते. पद्मावती देवघरातून बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

दर्शू घोड्याचा पाय दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिच्या डोक्याच्या वर ती लोखंडी चौकट होती, आणि खाली नाडीची गाठ हळूहळू सरकत होती.

पद्मावतीनं तोंड उघडलं, पण नियम आडवा आला. हात सवयीनं पुढं गेले आणि तिनं टाळ्या वाजवल्या. पोर खूश झाली. पाय न सोडता गुडघे वाकवून नाचायला लागली.

"दर्शूऽऽ!"

पद्मावतीचा तो आवाज घरात कुणी कधी ऐकला नव्हता. बापूसोंनी डोळे उघडले. घोड्याचे पाय फाकले, चौकट खाली यायला लागली, आणि बंदी विसरून ते वाकले. उजव्या हातानं त्यांनी पोरीला ढकललं. डावा हात चौकटीखाली राहिला.

दर्शूला साधं खरचटलंही नाही. ती नुसती रडत होती. रूपालीनं तिला उचललं आणि सासऱ्यांच्या हाताकडं बघून तोंड फिरवलं. कांडी धरायची बोटं लोखंड आणि फरशी यांच्यात चेचली होती. खुब्यातूनही कळा येत होत्या. बापूसो फरशीवर बसून सुटलेल्या नाडीकडं बघत होते.

"पट्टा कुठं गेला गं?"

"मी काढला," पद्मावती म्हणाली. "चामड्याचा हुता न्हवं? पर्वात... बस्तीत कसा न्यायचा तसला?"

बापूसो रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"चामड्याला मी हात लावीन व्हय? तुझ्या भावानं कवाच बदललाय त्यो. ह्याच्या आत कापड हाय, वरनं रबर. एका शब्दानं इचारायचं तरी हुतंस की."

रूपाली त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. बस्तीतून घंटा ऐकू येत होती. पद्मावती दर्शूला कडेवर घेऊन गच्चीवर गेली आणि टाकीमागचं पुडकं घेऊन खाली आली. अजूनही तिच्या मनात होतं, की नवरा स्वतःची चूक झाकायला तसं बोलला असेल, आतून चामडंच निघेल. तिनं पट्ट्याचं टोक विळीवर धरलं आणि कापलं.

काळ्या रबरातून पांढरं विणलेलं कापड बाहेर आलं. सुती होतं, नाडीसारखंच.

दर्शू मांडीवर चढली. तिनं पट्टा दोन्ही हातांनी धरून जोर लावून ओढून बघितला. पट्टा तसूभरही ताणला नाही.