सगुणेची मापं

तीस सालच्या भादव्यात उधाणाच्या भरतीनं खारबांध फुटला आणि उरणजवळच्या सगुणेच्या गावात समुद्र शिरला. भात गेलं, घरं गेली. माणसं तेवढी वाचली. पुरुष मुंबईच्या गोदीत कामाला गेले. सगुणेचा नवरा काळूरामही त्यांतलाच. बाया उरणात आल्या. तिथल्या चार भल्या माणसांनी त्यांच्यासाठी भाताच्या रिकाम्या वखारीत शिवणाचा वर्ग काढला. दोन मशिनं आणली आणि शिकवायला अनंता शिंपी नेमला.

अनंतामास्तर पन्नाशीचा, हाताचा कसबी, पण भारी लाजरा. वीस बाया समोर बसल्या की तो छताकडे बघून शिकवायचा. सगुणेचा सारा जन्म मिठागरात आणि शेतात गेलेला. मशिनवर बसली की तिचा पाय असा काही चाले, की दोरा तुटे, सुई मोडे.

"सगुणाबाई, अगं हळू! नांगर धरलायस का?" मास्तर छताला सांगायचा.

"मास्तर, हाच थांबत न्हाय त्याला मी काय करू?" ती पायाकडे बोट दाखवायची, आणि वखारभर हशा पिके.

दिवाळीपर्यंत मात्र पाय ताळ्यावर आला. शिवण सरळ पडू लागली.

मार्गशीर्षात पहिलं मोठं काम आलं. वकिलांच्या घरी लग्न होतं, घरातल्या सात बायकांची पोलकी शिवायची होती. शिंप्यानं बायकांना हात लावायचा नाही, म्हणून गडी मापाला जुनी पोलकी घेऊन आला. मास्तरनं त्याबरहुकूम कापलं, बायांनी जीव ओतून शिवलं. तिसऱ्या दिवशी सातही पोलकी गाठोड्यात परत! एकीचा हात बाहीत शिरेना, दुसरीची बटणं लागेनात.

मास्तर डोक्याला हात लावून बसला. "माप तर चोख होतं!"

सगुणेनं जुनं पोलकं उलटसुलट करून पाहिलं. "मास्तर, पोलकं जुनं हाय. बाई आता तेवढी ऱ्हायली का? मधी चार बाळंतपणं झाली आसतील."

मास्तर कानापर्यंत लाल झाला. "मग करायचं काय?"

"मी जाते."

तिला आकडे येत नव्हते. तिनं कमरेला सुतळीचं भेंडोळं खोचलं आणि वकिलांच्या माजघरात जाऊन बसली. छातीच्या मापाला एक गाठ, बाहीच्या मापाला दोन, उंचीच्या मापाला तीन. प्रत्येकीच्या सुतळ्यांना तिच्याच लुगड्याच्या रंगाची चिंधी बांधली. वकिलीणबाई आधी आखडून उभ्या होत्या. सगुणा म्हणाली, "वैनी, श्वास सोडा. लग्नात जेवायचं हाय ना?" तशा त्या खळखळून हसल्या आणि खरं माप मिळालं.

शिवणींत दाबलेलं कापड होतं ते उसवलं, कमी पडलं तिथं बगलेत चौकोनी ठिगळं घातली. पोलकी अशी बसली, की लग्नाला आलेल्या पाहुण्यांनीही शिवणारणीचं नाव विचारलं. मग काय, घरोघरचं बोलावणं. मास्तर कापायचा, बाया शिवायच्या, सगुणा उरणभर हिंडायची.

दोन वर्षांनी काळूराम मुंबईहून आला. आंघोळ-पाणी झालं, आणि तो म्हणाला, "बांध झाला. चल गावाला."

"जमीन खारी हाय अजून. दोन पावसाळे तरी भात व्हायचं न्हाय."

"मग? मी गोदीत आनि तू हितं? मला न्हाय जमत बाबा एकटं."

सगुणेला हसू आलं, आणि डोळेही भरले. लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून असं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"तर मग ऱ्हावा हितंच. मिठागरावर मानसं पायजेत, आमच्या वर्गातल्या जनीचा भाऊ सांगत व्हता. जमीन गोडी झाली का जाऊ दोघं."

त्यानं मान डोलावली. बाहेरून जनीची हाक आली; कुणाच्या तरी सुनेचं माप घ्यायचं होतं. सगुणेनं पदर खोचला.

"चुलीवर भात हाय," ती उंबऱ्यातून म्हणाली, "उतरवा तेवढा. जळवू नका."