बोटभर कमी

वाळवंटाच्या कडेला असलेल्या आमच्या बिदिया गावच्या शाळेत मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. भागाकार न जमणाऱ्या पोरावर कधी आवाज चढवला नाही. पण त्या गुरुवारी माझ्याच मुलाला, हुमैदला, एक चाक समजावताना माझा घसा बसला.

माझी नात रय्या, हुमैदची थोरली, हिला वाळवंटातल्या शाळेवर नेमणूक मिळाली होती. अकरा मुलं, दोन खोल्या, आणि डांबर संपल्यावर बावीस किलोमीटर वाळू. रविवारी हजर व्हायचं होतं. हुमैदला ते पसंत नव्हतं, पण पोरीच्या तोंडावर नाही म्हणवेना. म्हणून त्यानं अट घातली. शुक्रवारी तिनं एकटीनं गाडी चालवत शाळेपर्यंत जाऊन यायचं. वाटेत तिची गाडी कुणाला दोरी लावून ओढावी लागली, तर नेमणूक सोडायची आणि गावातल्या शाळेत जागा मागायची.

आणि याच हुमैदनं तिच्या नव्या गाडीची मूळची चाकं दुकानदाराला देऊन वीस इंची बसवून आणली. त्याच्या स्वतःच्या गाडीला आहेत तशीच, आरशासारखी चकचकीत.

"बघा बाबा, कशी दिसते!"

"छान दिसते. वाळूत बसेलही छान."

"झालं तुमचं सुरू."

मी कॉफी ओतली आणि वर्गात सांगायचो तसं सावकाश सांगितलं, "वीसचं असो की सोळाचं, बाहेरून चाक सारखंच उंच. वीस म्हणजे आतलं लोखंड मोठं. मग रबराला जागा उरली किती? दोन बोटं. वाळूत हवा कमी केली की टायर पसरायला हवा. उंटाचा तळवा पसरतो, बकरीचा खूर रुततो. तू पोरीच्या गाडीला बकरीचे पाय लावलेस."

"सगळं गाव वीस लावून फिरतंय."

"गाव डांबरावर फिरतंय."

"वळणावर गाडी घट्ट राहते, दुकानदार म्हणाला."

"त्या दुकानदाराला म्हणावं, ये एकदा वाळूत घट्ट राहायला."

हुमैदनं रिकामा पेला हलवून माझ्यापुढे ठेवला. म्हणजे कॉफी पुरे, आणि मीही पुरे.

रय्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसून आत डोकावत होती. मी तिला म्हटलं, "काळजी करू नकोस. माझ्या जुन्या गाडीची सोळा इंची चाकं काढून देतो. चाळीस वर्षं सोळावर फिरलोय."

"आजोबा, या गाडीचे पुढचे ब्रेक मोठे आहेत. सोळाचं चाक त्यांच्यावरून जाईल? मोजून बघूया का?"

"सोळा जात नाही अशी गाडी मी पाहिली नाही."

तिनं पुन्हा चाकाच्या आत डोकावलं.

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही डांबराच्या टोकाला, गुलबाजच्या टायरच्या दुकानात पोहोचलो. गुलबाज पेशावरकडचा, वीस वर्षं इथेच. वाळूत जाणारा प्रत्येक जण त्याच्या दारात हवा सोडतो आणि परतताना भरतो. त्यानं गाडी उचलली, वीसचं चाक काढलं आणि माझं सोळाचं चढवलं. कर्र असा आवाज आला. त्यानं फिरवून पाहिलं, पुन्हा ढकललं.

"उस्ताद, नाही बसत. ब्रेकला घासतंय. बोटभर कमी पडतंय."

"नीट लाव."

"तुम्हीच लावून बघा."

मी लावून बघितलं. हात काळे झाले, चाक बसलं नाही.

"चाळीस वर्षं!" हुमैद आभाळाकडे बघत म्हणाला.

"सतराचं बसेल," गुलबाज म्हणाला. "पण आज नाही. उद्या संध्याकाळी येईल."

"बाबा, मग उद्या जाऊ," रय्या म्हणाली.

"अट आजची आहे," हुमैद म्हणाला. "रविवारी ती अकरा पोरं चाकांची वाट बघणार आहेत का?"

पुन्हा वीसची चाकं चढली. रय्यानं टायरमधली हवा अठरा पौंडांवर आणली आणि एकटी निघाली. तिच्या मागोमाग हुमैदची गाडी, मी त्याच्या शेजारी बसलो. मागच्या सीटवर ओढायची दोरी होती, नवीकोरी.

पाचव्या किलोमीटरला लांब चढ आहे. अर्ध्यावर रय्याची गाडी जड झाली, हलली आणि थांबली. तिनं लगेच पाय उचलला. चाक जागच्या जागी फिरू दिलं नाही. लहानपणी मी तिला हेच सगळ्यात आधी शिकवलं होतं.

"बसली!" म्हणत हुमैदनं गाडी तिच्या मागे, चाकोरीच्या जरा बाजूला घातली आणि ऐन चढावर उभी केली.

"अरे, इथे काय थांबतोस? उताराकडे नाक कर."

"बाबा, मला गाडी चालवता येते." तो दोरी घेऊन खाली उतरला. "रय्या, लावू का दोरी?"

"नको." तिनं खाली बसून चारही चाकांची हवा बारावर आणली.

मी खिडकीतून ओरडलो, "इतकी नको! टायर रिममधून निघेल!"

"वळले तर निघेल, आजोबा. मी वळणारच नाही."

आपल्याच चाकोरीत ती सरळ मागे गेली, आमच्या बाजूनं घसरत थेट पायथ्यापर्यंत. तिथून वेग घेतला आणि नाकासमोर चढून पलीकडे दिसेनाशी झाली.

हुमैद दोरी हातात घेऊन उभाच होता. मग घाईनं येऊन त्यानं गाडी सुरू केली. गाडी हलेना. त्यानं पाय दाबला.

"दाबू नकोस."

त्यानं आणखी दाबला. वाळू काचेवर उडाली आणि गाडी पोटापर्यंत खाली गेली.

त्यानं तासभर फावडं मारलं. मी एकदा बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "बाबा, कृपा करा." शेवटी घामानं शर्ट भिजवून तो गाडीच्या सावलीत येऊन बसला.

रय्या परतली ती चढाच्या माथ्यावर, उताराकडे नाक करून थांबली. हातात कॉफीचा थर्मास घेऊन ती खाली चालत आली. "शाळेच्या रखवालदारानं दिलाय. म्हणाला, बाईंच्या घरच्यांना द्या." मग तिनं वाकून आमच्या गाडीखाली बघितलं. "बाबा, ती दोरी कुठंय?"

हुमैदनं दोरी दिली. तिनं आपली गाडी आमच्या खालच्या बाजूला आणून दोरी बांधली, आणि दुसऱ्या झटक्याला आमची गाडी वाळूतून वर आली.

"दोरी लागली की," हुमैद पुटपुटला.

"माझ्या गाडीला नाही लागली."

दुकानापाशी हवा भरताना तो गुलबाजला म्हणाला, "उद्या ती सतरा इंची चाकं येतायत ना? दोन्ही गाड्यांसाठी मागव." माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. बाबा, तुमचं बरोबर होतं, एवढं म्हणायला काय जात होतं?

रविवारी पहाटे रय्या निघाली तेव्हा चाकं काळी, साधी आणि जाडजूड टायरची होती. निघण्याआधी तिनं डॅशबोर्डच्या कप्प्यातून पुठ्ठ्याची एक चकती काढून मला दिली. सोळा इंची रिमच्या आतल्या मापाची, नीट कातरलेली. एका कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं: ब्रेकला लागते, बोटभर कमी.

"ही कधी केलीस?"

"गुरुवारी, तुम्ही नमाजला गेलात तेव्हा."

"मग दाखवली का नाहीस?"

"दाखवणार होते, आजोबा. पण तुम्ही आणि बाबा दोघंही बोलत होतात."

ती गेली. चकती हातात धरून मी अंगणात उभा राहिलो. मोजल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, असं फळ्यावर चौतीस वर्षं मीच लिहीत आलो होतो.