सोलांजच्या अंगणातला हौद

क्लेमांने ताडपत्रीची कड दोन्ही हातांनी धरून ओढली, तसं हिवाळाभर तिच्यावर साचलेलं काळं पाणी मेपलच्या कुजक्या पानांसकट भस्सकन त्याच्या बुटांवर आलं. पलीकडच्या लाकडी चौथऱ्यावर दुसरी कड धरून सोलांज उभी होती.

"दरवर्षी त्याच जागी उभा राहतोस," ती म्हणाली.

"दरवर्षी तूच आधी सोडतेस."

दोघांनी ताडपत्री गवतावर पसरली. हौदातलं पाणी हिरवं झालं होतं, आणि बर्फाचा दाब पत्र्यावर येऊ नये म्हणून हिवाळ्यात सोडलेली हवेची उशी अर्धीमुर्धी मरगळून त्यावर तरंगत होती. क्लेमांने वाकून पत्र्याची भिंत तळहाताने थोपटली. यंदाही टिकली होती. जोलिएत गावातल्या या गल्लीत एके काळी प्रत्येक घरामागे पोहायला असा गोल पत्र्याचा हौद होता. आता हा आणि कोपऱ्यावरचा एक, एवढेच उरले होते.

हा त्याने स्वतः उभा केला होता, त्यांची मुलगी जोझे शाळेत जायला लागली त्या उन्हाळ्यात. मेहुण्याला हाताशी धरून त्याने जमीन सपाट केली, वाळू अंथरली, पत्र्याची गुंडाळी उलगडली, आत निळं अस्तर लावलं आणि नळ सोडून दोघं बिअर घेऊन बसले. जोझे बारा-तेरा वर्षांची असताना क्लेमां घर सोडून गेला. त्रुआ-रिव्हिएर शहरात एक बाई होती. ते प्रकरण वर्षभरात विझलं. तो जोलिएतला परतला, पण या घरात नाही. नदीपलीकडे दोन खोल्या घेतल्या. परत येऊ का, असं त्याने विचारलं नाही आणि ये, असं ती म्हणाली नाही. मे महिना आला तेव्हा मात्र तिचा फोन आला होता. हौद उघडायचाय, मला त्यातलं काही कळत नाही. तेव्हापासून मे महिन्यात उघडायला आणि सप्टेंबरात बंद करायला तो येत होता. मध्ये पाणी गढूळ झालं, पंप घरघरला, की आणखी एखाद्या वेळी.

त्याने गाडीतून क्लोरीनची बादली आणि फिल्टरची नवी जाळी आणली, पंपाशेजारी गुडघे टेकले.

"पंप राहू दे," सोलांज म्हणाली. "यंदा हौद उघडायचा नाही. काढून टाकायचा."

त्याने मान वर केली.

"पत्रा चांगला आहे अजून."

"पत्रा चांगला आहे. माझे गुडघे चांगले नाहीत. आणि पोहणार कोण? जोझेची पोरं फोनमध्ये पोहतात."

"मग फोनवर सांगायचं होतंस. मी हे सामान आणलं नसतं."

"फोनवर सांगितलं असतं तर तू आला नसतास."

त्याने क्लोरीनची बादली उचलून पुन्हा गाडीत ठेवली.

पाणी उपसायला लहान पंप हौदात सोडला आणि नळी घराच्या कडेने रस्त्याकडेच्या गटारापर्यंत नेली. मग वाट बघण्याखेरीज काम नव्हतं. सोलांज स्वयंपाकघरात गेली. क्लेमां चौथऱ्यावर बसून पाण्याची रेघ निळ्या अस्तरावरून खाली सरकताना बघत राहिला.

याच पाण्यात गल्लीतली पोरं भोवरा करायची. दहा-बारा जण कडेकडेने एकामागोमाग एकाच दिशेने चालायला लागायची. आधी जड पावलांनी, मग पळत. पाणी फिरायला लागलं की जोझे ओरडायची, "सोडा", आणि सगळी पाय वर घेऊन पाण्याच्या हवाली व्हायची. एकदा क्लेमांही कामावरून आला तसा, गणवेशाच्या विजारीसकट आत उतरला होता. सोलांज याच चौथऱ्यावर टॉवेलांचा ढीग घेऊन उभी होती आणि हसता हसता खाली बसली होती. तसं हसताना त्याने तिला नंतर फारसं पाहिलं नव्हतं. त्यात दोष कुणाचा, हे त्याला ठाऊक होतं.

"उपसताय वाटतं?"

देवदाराच्या कुंपणावरून योलांदचं डोकं वर आलं. शेजारची ही बाई जोझेच्या जन्माआधीपासून तिथे राहत होती आणि कुंपण छाटायची ती फक्त डोकं वर काढता येईल इतकंच.

"काढून टाकतोय," क्लेमां म्हणाला.

"अरेरे. सोलांजला चुकल्यासारखं होईल. तू हॉस्पिटलात होतास ना, हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा, त्या उन्हाळ्यात रोज सकाळी पोहायची. एकटीच. मी इथून कॉफी पीत बघायचे."

"त्या वर्षी हौद बंद होता."

"कोण म्हणतं? उघडला की तिने. ताडपत्री ओढायला तेवढी मी आले होते. बाकी पंप, फिल्टर, औषधं, सगळं एकटीने. तुझ्या नावाने शिव्या घालत होती, पण करत होती. राग मानू नकोस, पाणी तू ठेवतोस त्यापेक्षा स्वच्छ होतं."

योलांद आणखी काहीतरी बोलली, गुलाबांविषयी असावं. क्लेमांने मान डोलावली. त्याला आठवत होती ती हॉस्पिटलातली दुपार. सोलांज शुगर-पाय, साखरेचं सारण भरलेला गोड पदार्थ, घेऊन आली होती आणि डॉक्टरांनी बंदी घातलीय हे कळल्यावर तिने स्वतःच तो खाल्ला होता. त्याने विचारलं होतं, हौदाचं काय? आणि ती तोंडातला घास संपवून म्हणाली होती, "बंदच आहे. तू नाहीस तर कोण उघडणार?" ती गेल्यावर तो कितीतरी वेळ छताकडे बघून स्वतःशीच हसत होता. त्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा नीट जेवण घेतलं होतं.

आणि त्यानंतरच्या प्रत्येक मे महिन्यात ती शेजारी उभी राहून विचारत आली होती, हा खटका कुठल्या बाजूला फिरवायचा? आधी हे औषध की ते? तो सांगायचा. कधी कधी जरा तोऱ्यात सांगायचा.

दुपारी दोघांनी चौथऱ्याच्या पायरीवर बसून वाटाण्याचं सूप प्यायलं. तिने कुंपणाकडे मान वळवली.

"योलांदने डोकं खाल्लं का?"

"गुलाबांचं सांगत होती."

"तिला दुसरं काय येतं," सोलांज म्हणाली, पण तिची नजर जराशी त्याच्यावर रेंगाळली.

जेवणानंतर तो नळी गुंडाळत असताना ती फिल्टरपाशी गेली. खालचं बूच काढून तिने साठलेलं पाणी सोडून दिलं, पट्टा सैल केला, पाइप अर्धा वळवून अलगद बाहेर ओढला. कुठला स्क्रू आधी काढायचा, हे तिने विचारलं नाही. आज विचारायचं काही कारणच उरलं नव्हतं. क्लेमांने पाहिलं आणि पाठ फिरवली.

चारच्या सुमाराला हौद रिकामा झाला. तळाशी गाळ, केसांचे दोन चाप आणि कधीतरी बुडालेला प्लास्टिकचा मासा निघाला. आता राहिली पत्र्याची भिंत. तिची दोन टोकं जिथे जुळत होती तिथे वरपासून खालपर्यंत बोल्टांची रांग होती. ती सोडवली की भिंत पहिल्यासारखी गुंडाळता येणार होती. संध्याकाळच्या आत सगळं आवरलं असतं.

क्लेमांने वरच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट लोण्यासारखा फिरला. दर सप्टेंबरात तो स्वतःच त्यांना ग्रीस लावत आला होता. तो थांबला. मग बोल्ट पुन्हा जागेवर आवळून त्याने पाना खाली घेतला.

"सोलांज," तो म्हणाला, "हे आज काही निघत नाहीत. गंजलेत. तेल सोडून ठेवावं लागेल. पुढच्या शनिवारी बघू."

ती गवतावरून चालत आली. त्याच्या हातातला पाना घेतला, एक हात गुडघ्यावर टेकून वाकली आणि दुसऱ्या बोल्टला लावला. तो सहज फिरला. चांगला पूर्ण फेरा. क्लेमां आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिला.

तिने बोल्ट उलटा फिरवला. घट्ट केला. आणखी थोडा घट्ट केला. मग सरळ उभी राहून ॲप्रनला हात पुसले.

"हो," ती म्हणाली. "चांगलेच धरलेत."

तिने पाना त्याला परत दिला आणि रांगेकडे वरून खाली एकदा नजर टाकली.

"सकाळी जरा लवकर ये," ती म्हणाली. "बरेच आहेत."